पिसं गेलेला कोंबडा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. आमचं धातूच्या पॉलिशचं दुकान आहे. दारांच्या मुठी, नळ, दिवे, शर्यतीत मिळालेले करंडक, काय वाट्टेल ते काळं पडून आमच्याकडे येतं आणि लखलखीत होऊन जातं. मशीनवर आमचे हे बसतात, गल्ल्यावर मी.

एकदा गल्ल्यात एक परदेशी नाणं निघालं. कुणीतरी सुट्ट्या पैशांत खपवलं होतं. त्यावर कोंबडा होता, तुरा ताठ, मान वर, जणू सगळी गल्ली त्याच्या बापाची. हे म्हणाले, फसवलं आपल्याला. मी म्हटलं, फसवलं तर फसवलं, हा माझा. पुढच्याच सुट्टीला मी जुन्या बाजारातल्या नाणेवाल्याकडे जाऊन उभी राहिले. त्याने विचारलं, काय जमवणार? दिसेल ते उचललं तर पोतं भरतं, संग्रह होत नाही. मी म्हटलं, पाखरं. तिथून सुरुवात झाली. घुबड आलं, बगळा आला, दोन गरुड आले, आणि कसल्याशा बेटावरचा एक पक्षी आला, ज्याचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. प्रत्येकाला अल्बममध्ये आपापला पारदर्शक कप्पा होता.

मोठ्या जाऊबाईंनी हे पाहिलं आणि चारचौघांत म्हणाल्या, "या वयात चिल्लर वेचत बसलीस?" मला ते फार झोंबलं. आजवर मी कुणाची तरी कुणीतरी होते. सून, जाऊ, पॉलिशवाल्याची बायको. पाखरं तेवढी माझी एकटीची होती.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नाणेसंग्राहकांचं मंडळ भरतं. पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी आम्हा नव्या लोकांना बजावलं की नाणं नेहमी कडेला धरायचं आणि कधीही घासायचं नाही. त्याच्यावरचा काळपट थर म्हणजे त्याचं वय, तो गेला की जाणकार त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मी मान डोलावली आणि घरी सांगायचं राहून गेलं. आमच्या घरात 'घासू नका' असं कोण कुणाला सांगणार? घासण्यावरच तर आमची चूल पेटते.

वर्षाच्या शेवटी मंडळाचं प्रदर्शन असतं आणि त्यात नवोदितांसाठी एक टेबल. ते मला मिळालं. मग मी काय थांबते? जाऊबाईंना फोन करून चांगलं ठसक्यात आमंत्रण दिलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी टेबलावर अंथरायला निळं कापड आणायला गेले होते. परत आले तर दुकान बंद. घरात हे काळ्या हातांनी उभे, समोर माझा अल्बम, आणि प्रत्येक कप्प्यातून नुसता उजेड. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवून, मशीनला सगळ्यात मऊ कापडी चाक लावून, यांनी एकूण एक नाणं चकचकीत केलं होतं.

"उद्या तुझी नाणी सगळ्यांत उठून दिसली पाहिजेत," हे म्हणाले.

त्यानंतर मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारणीने खिडकी लावून घेतली, एवढं सांगते. वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवलंत, इथपासून सुरुवात करून मी यांच्या खानदानापर्यंत पोहोचले. यांनी माझं भिंग उचललं, कोंबडा दिव्याखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"पिसं गेली," एवढंच म्हणाले.

रात्री मी ताट वाढून यांच्यापुढे आदळलं. माझा राग होता तसाच होता. पण ज्या माणसाने जन्मात कधी दोन गोड शब्द उच्चारले नाहीत, त्याने माझ्यासाठी चालतं दुकान बंद ठेवलं, हेही डोक्यातून जात नव्हतं.

सकाळी मी सांगून टाकलं की मी येत नाही, नाक कापून घ्यायला तिथे कोण जाणार. हे शर्टाला इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, "टेबल तुला मिळालंय. तू नाही गेलीस तर ते रिकामं राहील. मी येतो बरोबर. ज्याने घासली तो उभा राहील."

मग माझंही डोकं चालायला लागलं. वाटेत नाणेवाल्याला गाठलं आणि तसलाच एक कोंबडा, न घासलेला, दिवसभरासाठी मागून घेतला. अध्यक्षांनी आमचं टेबल पाहून कपाळाला हात लावला. म्हणाले, हे इथे मांडता येणार नाही. मी म्हटलं, टेबल नवोदितांचं आहे ना, मग नवोदितांची सगळ्यात मोठी चूक याच टेबलावर बघायला मिळायला हवी. त्यांनी दोन्ही कोंबडे भिंगाखाली पाहिले, थोडा विचार केला आणि आपल्या टेबलावरचा दिवा उचलून आमच्याकडे आणून ठेवला.

दुपारपर्यंत आमच्यापुढे उभं राहायला जागा नव्हती. हे प्रत्येकाला भिंग देत होते. ही पिसं बघा, आता इकडे बघा, काही दिसतं का? नाही ना? मी घासली. पॉलिश हा माझा धंदा आहे, तरी सांगतो, नाण्याला हात लावू नका. लोक हसत होते, हेही हसत होते, आणि कुणाला आपल्या घरच्या नाण्यांबद्दल काही विचारायचं असलं की हे माझ्याकडे बोट दाखवायचे. मी उत्तरं देत होते. मला उत्तरं येत होती.

तेवढ्यात गर्दीतून जाऊबाई पुढे आल्या. त्यांना बरी संधी मिळाली.

"काय भावोजी, दुकान सोडून इथे पॉलिशची जाहिरात का?"

"नाही, वहिनी," हे म्हणाले. "माझी बायको नाणेसंग्राहक आहे. तिला न विचारता मी तिच्या संग्रहाला हात लावला. ते लोकांना सांगायला उभा आहे."

माझा नवरा भरल्या सभागृहात हे एवढ्या साधेपणाने म्हणाला, की अभिमानाने माझी मान त्या कोंबड्यासारखी वर झाली. जाऊबाईंनी न घासलेला कोंबडा उचलायला दोन बोटं पुढे केली.

"असं नाही," मी म्हटलं. "कडेला धरायचं, जाऊबाई."

त्यांनी कडेला धरलं.