बिनकवचाच्या गोगलगायी

“नजरेतून सुटलेले जीव तीनपेक्षा जास्त सापडले, तर उद्यापासून काकू भांडारात,” मॅडम म्हणाल्या आणि काकूंनी निवडून संपवलेल्या गाळाचा ट्रे त्यांनी माझ्यापुढे सरकवला. काकू शेजारीच उभ्या होत्या. अधिकार हाती आला की लोक हळू बोलायचं विसरतात.

आमचं तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. होडीवाले तळाचा गाळ उपसतात, होडीवरच चाळतात आणि फॉर्मालिनच्या बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवतात. त्यातले लाल किडे, अळ्या, गोगलगायी चिमट्याने वेचून मोजायच्या, हे काम काकू सव्वीस वर्षं करत होत्या. तळ जिवंत आहे की नाही, ते त्या मोजणीवरून कळतं. यंदा चाळीस बाटल्यांत एकही गोगलगाय निघाली नव्हती. गेल्या वर्षी शेकड्यांनी होत्या. म्हणजे एक तर तळ मेला किंवा काकूंचे डोळे गेले. तळं बदलण्यापेक्षा काकूंना बदलणं सोपं, म्हणून मॅडमचा संशय डोळ्यांवर.

काकू गेल्या तर त्यांची जागा मलाच मिळणार होती. खोटं कशाला सांगू, मी डोळ्यांत तेल घालून शोधत होते.

पानाच्या तुकड्याखाली एक लाल किडा सापडला.

“एक,” मॅडम म्हणाल्या.

थोड्या वेळाने दुसरा निघाला, मग तिसरा. काकू स्वच्छ चिमटा पुन्हा पुन्हा पुसत होत्या. ट्रेचा शेवटचा कोपरा उरला होता आणि तिथे काहीतरी लालसर, वाकडं दिसलं. माझा हात थांबला.

“मूळ आहे ते,” काकू दोन हातांवरून म्हणाल्या.

मी भिंगाखाली धरलं. मूळच होतं.

मॅडमनी सुस्कारा सोडला. “मग गोगलगायी खरंच संपल्या. अहवाल आजच पाठवते. तिथली मासेमारी बंद करावी लागेल.”

नव्या बाटल्या घेऊन आलेले होडीवाले दादा दारातच थबकले. “काहीतरीच काय मॅडम? चाळणी हलवली की खडखड वाजतात. मी स्वतः बाटलीत भरल्यात.”

ओळख न पटलेल्या जिवांची वाटी काकूंनी ओढून घेतली. त्यातला एक मऊ, पांढुरका ठिपका त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि सुईने उलटवला. बराच वेळ त्या डोळा लावून होत्या.

“ये, बघ.”

बारीकसं अंग होतं, वेटोळं घातलेलं.

“गोगलगायच आहे,” काकू म्हणाल्या. “कवच विरघळलंय. फॉर्मालिन आंबट असतं. टाकणखार घातला नाही, तर ते कवच खाऊन टाकतं.”

“टाकणखार कोण घालतं?” मॅडमनी विचारलं.

हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. फॉर्मालिनचं पिंप भरायचं काम काकू दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

“टाकणखारच खराब निघाला असेल,” मी म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नुकत्याच सुटल्या होत्या बिचाऱ्या. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“नाही गं. बहिणीचं ऑपरेशन होतं त्या दिवशी. घाईघाईत पिंप भरलं आणि पळाले. माझ्याच हातून राहिलं.”

“काकू, कवचाशिवाय जात ओळखायची कशी?” मॅडम म्हणाल्या. “ वर्षभराची मेहनत पाण्यात गेली.”

“हो.”

“लेखी द्यावं लागेल तुम्हाला. आणि उद्यापासून...”

“भांडारात,” काकूंनीच वाक्य पुरं केलं.

मॅडमनी अहवाल ड्रॉवरमध्ये टाकला. दादा मान खाली घालून बाटल्या उतरवत राहिले. हवं होतं ते मला मिळालं होतं आणि मला माझीच किळस येत होती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. काकूंशी चार शब्द बोलावेत, असं मनात होतं. त्या माझ्याआधीच आल्या होत्या आणि सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल फिरवत होत्या.

“काकू, मी काल...”

“तू ठेंगणी आहेस,” त्या म्हणाल्या. “एवढ्यावर बसलीस तर मान अवघडेल.”

त्यांनी स्टूल आणखी दोन फेरे वर घेतलं, तळहाताने दाबून डुगडुगत नाही ना ते पाहिलं आणि भांडाराकडे गेल्या.