पायाळूनं दाखवलेली जागा

प्रेमानंद पायाळू होता. जन्मताना आधी त्याचे पाय बाहेर आले, मग डोकं. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली चमक जाते आणि त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं, असं लोक धरून चालतात. त्याला स्वतःला आजवर हरवलेली किल्लीसुद्धा कधी सापडली नव्हती.

त्याचा मित्र सुमंत मात्र जाईल तिथं ही गोष्ट सांगत सुटायचा. सुमंतचं गांधीबागेत कापडाचं दुकान. दुकान बंद असलं की दोघं मोटारसायकलवर जुनी देवळं पाहत हिंडायचे. त्या रविवारी कुही गावाच्या पुढं एका टपरीवर चहा घ्यायला थांबले, तर म्हातारा टपरीवाला कंबर धरून कण्हत होता. सुमंतला तेवढंच पुरलं.

"बाबाजी, पालथे व्हा. आपला गडी पायाळू हाये. फुकटात इलाज!"

"अबे, गप ना," प्रेमानंद म्हणाला. पण म्हातारा बाकावर पालथा झालासुद्धा. प्रेमानंदनं लाजत त्याच्या पाठीला पाय टेकवला. म्हातारा हसत उठला, सुमंतही हसला. पलीकडच्या बाकावर दोन माणसं होती. ती हसली नाहीत.

रानातल्या पडक्या हेमाडपंती देवळात त्याच दोघांनी त्यांना गाठलं. भर दुपार, आसपास चिटपाखरू नाही. त्यातला थोराड माणूस सरळ आत आला आणि त्यानं सुमंतच्या तोंडावर बुक्की हाणली. सुमंत दात थुंकत खाली बसला. दुसऱ्यानं प्रेमानंदच्या गळ्याला विळा लावला.

"पायाळू ना तू? दाखव, धन कुठं हाये."

"भाऊ, ते मजाक होती गा."

थोराड माणसानं सुमंतच्या बरगडीत लाथ घातली. "दाखव. नाही तं याले इथंच गाडतो."

जमीन आधीच जागोजाग उकरलेली होती. गाभाऱ्याच्या तोंडाशी एक खांब कलला होता आणि वरची अख्खी दगडी तुळई त्याच्यावर कशीबशी टेकलेली होती. प्रेमानंदनं एकवार वर पाहिलं, एकवार त्या दोघांकडे. खणा म्हणावं तिथंच. मरा म्हणावं.

"त्या खांबाच्या बुडाशी," तो म्हणाला.

थोराड माणसानं उकरलेल्या मातीत पडलेली लोखंडी सब्बल उचलली आणि सुमंतच्या अंगावर फेकली. "तू खण."

प्रेमानंदनं पुन्हा वर तुळईकडे पाहिलं. सुमंत खणू लागला. त्याच्या तोंडातलं रक्त मातीत पडत होतं. एकेका घावाला तुळईच्या सांध्यातून भुरुभुरु माती गळत होती. गप्प राहावं तर सुमंत जातो, बोलावं तर आपला गळा.

"सुम्या, हट तिथून!" तो ओरडला. "काही नाही तिथं! मी लबाड बोललो!"

विळा फिरला. प्रेमानंदनं हात मधे घातला, म्हणून गळा वाचला. दोन बोटं मात्र कातड्याला लोंबू लागली. सुमंत सब्बल टाकून मागं धडपडला.

थोराड माणूस खदाखदा हसला. "आता नाही म्हणून राहिला! म्हणजे इथंच हाये." त्यानं स्वतः सब्बल धरली. दुसराही विळा टाकून हातांनी माती उपसायला धावला.

प्रेमानंदनं तोंड उघडलं. मग मिटलं.

चौथ्या का पाचव्या घावाला खांब आडवा झाला आणि तुळई खाली आली. धुरळा खाली बसला तेव्हा विळेवाला दिसतच नव्हता. थोराड माणूस कमरेपासून खाली दगडात होता आणि पाणी मागत होता. सुमंतनं दगडाला खांदा लावला, प्रेमानंदनं धड असलेला हात लावला. दगड हलला नाही. पाणी आणेपर्यंत मागणाराच गप्प झाला.

सुमंतनं आपला शर्ट फाडून प्रेमानंदचा हात बांधला.

"ते पडणार हाये, तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग त्यायले काहून नाही सांगितलं?"

"तुले सांगितलं ना," प्रेमानंद म्हणाला आणि मोटारसायकलकडे चालू लागला.