झाकणाचे बोल्ट

इंजिनच्या झाकणातून तेल गळून गाडीत धूर येत होता आणि त्याच गाडीतून बाळाला न्यायचं होतं. म्हणून शहाडच्या गॅरेजात प्रियांका मेकॅनिक लॉईडच्या हातांवरून नजर हटवत नव्हती. नवं पॅकिंग बसवून त्याने मधला बोल्ट किंचित आवळला, मग त्याच्या समोरचा.

"एवढंच? जोर लावा की, दादा!"

"जोर लावूनच आधीच्याने पॅकिंग चिरडलं, ताई. तीन फेऱ्यांत थोडंथोडं आवळायचं."

तिला पटेना. तिसरी फेरी झाल्यावर तिने इंजिन दहा मिनिटं चालवून बंद करायला लावलं आणि बाळाचा धुतलेला लंगोट झाकणाच्या कडेने फिरवला. तेलाचा ठिपकाही नव्हता.

"आता बसवताय ना बाळाला?" लॉईड हसला.

"आधी तुम्ही एक चक्कर मारून या."