दुसऱ्या स्कॅनला न आलेले

ऋतुराज व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होऊन नऊ दिवस झाले, तरी सकाळी काय खाल्लं ते त्याला दुपारी आठवत नव्हतं. डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचा एमआरआय उजेडात धरला. "दारूनं मेंदू आक्रसलाय. वयाच्या मानानं बराच."

त्याची आई, शालूबाई, लेकीकडं वळल्या. "संयोगिता, तू ह्येच शिकतीस न्हवं? मग सांग की. भरून येतंय का न्हाय?"

संयोगिता संख्याशास्त्रात पीएचडी करत होती. दारू पिणाऱ्यांच्या मेंदूचे जगभरातले छोटे छोटे अभ्यास गोळा करायचे, मोठ्या अभ्यासाला जास्त वजन द्यायचं आणि सगळ्यांचं मिळून एक उत्तर काढायचं, हे तिचं काम. विषय तिनं भावासाठीच घेतला होता.

"येतंय, आई," ती म्हणाली. तेवीस अभ्यासांचं उत्तर तसंच होतं.

शालूबाईंनी त्या शब्दावर नृसिंहवाडीच्या दत्ताला नवस बोलला.

त्याच आठवड्यात संयोगितानं प्रत्येक अभ्यासातली माणसं पुन्हा मोजली. दारू सोडताना केलेल्या पहिल्या स्कॅनला नऊशे चाळीस, काही महिन्यांनंतरच्या दुसऱ्याला चारशे दहा. उरलेले पुन्हा प्यायला लागले होते, काहींचा पत्ता नव्हता, काही वारले होते. मेंदू भरला होता तो परत आलेल्यांचा. न आलेल्यांचं काय झालं असेल ते धरून तिनं तीन तऱ्हांनी मांडणी केली. सुधारणा होतेच, असं छातीठोक म्हणता येईना. मग तिनं सगळ्यात वाईट निकालाचे दोन अभ्यास वगळले. आकडा लगेच गोड झाला. तिनं ते मुकाट परत घातले आणि ती टेबलावर डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं आईला खरं सांगितलं. "जे सोडतात त्यांचा भरतो, आई. पण निम्म्याहून जास्त परत आलेच नाहीत. त्यांचं कुणाला माहीत नाही."

"मग आदुगर का न्हाय सांगितलंस?"

"मलाच तसं ऐकायचं होतं."

सतराव्या दिवशी ऋतुराज चहाला म्हणून केंद्राच्या बाहेर पडला, तो आलाच नाही.

तो पूर्वी कबनूरला यंत्रमागावर कामाला होता. दोघी फोटो घेऊन तिथं दारोदार फिरल्या. एका कारखान्याच्या दारात म्हातारा कामगार म्हणाला, "परवा दिसलं हुतं. लई पिल्यालं."

संयोगिता पायरीवरच बसली.

शालूबाईंनी फोटो पदरानं पुसला. "ऊठ," त्या म्हणाल्या. "परवा हितं हुता म्हंजे लांब गेला नसंल."