पहिली रांग

नंदाताई सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

मैदानात मांडव घातला होता आणि रंगीत दिव्यांखाली एक बाई चिनी गाणं म्हणत होती. मागच्या खुर्च्या माणसांनी खच्चून भरलेल्या, पुढची लाल खुर्च्यांची अख्खी रांग मात्र रिकामी. नागपूरला जयंतीच्या कार्यक्रमात मनोहर गुरुजींचं भाषण असायचं आणि त्यांच्या बायकोची जागा पहिल्या रांगेत राखलेली असायची. जित्याची खोड, दुसरं काय!

"नो, नो, आंटी! दॅट वन कॅनॉट सिट ला!"

मिस तान धावत आली. लिटिल इंडियाच्या जुन्या गल्ल्यांतून लोकांना खात-पीत फिरवणारी ही गाइड एरवी हसतमुख, पण आता तिचा चेहरा उतरला होता. सातवा चिनी महिना चालू आहे, तिने नंदाताईंच्या मुलाला, रत्नदीपला, दबक्या आवाजात सांगितलं. या महिन्यात गेलेली माणसं भुकेली परत येतात. ही रांग त्यांची.

रत्नदीपला हसू आलं. त्याच्या वडिलांनी, मनोहर गुरुजींनी, उभा जन्म लोकांच्या डोक्यातली भुतं उतरवण्यात घालवला होता. घरात श्राद्ध नाही, पिंड नाही. अमावास्येला तर ते मुद्दाम स्मशानात बसून डबा खायचे.

"आई, ऊठ. ती जागा रिझर्व्ह आहे."

"हो का? त्या माणसानं तर सरकून जागा दिली मला."

शेजारची खुर्ची रिकामी होती. अशक्तपणामुळे भास झाला असेल, असं रत्नदीपने स्वतःला समजावलं. एप्रिलमध्ये गुरुजी गेले, तेव्हापासून आईचं अन्न तुटलं होतं. बुकित बातोकच्या त्याच्या फ्लॅटमध्ये ती दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. पुढच्या आठवड्यात तिचं नागपूरला परतीचं विमान होतं, आणि अशीच परत गेली तर ती वर्ष काढणार नाही, या भीतीने त्याची झोप उडाली होती. खाण्याची ही फेरी त्याने तेवढ्यासाठीच बुक केली होती. पण सातेच्या, भाजलेल्या मांसाच्या काड्या काय नि पोपियाच्या भाजी भरलेल्या गुंडाळ्या काय, तिने आतापर्यंत कशालाच तोंड लावलं नव्हतं.

सगळे पुढे निघाले. फुटपाथच्या कडेला संत्री आणि भाताच्या वाट्या मांडलेल्या होत्या, भातात उदबत्त्या खोचलेल्या. गेलेल्यांसाठी जाळलेल्या कागदांची राख उडत होती. मिस तान ती चुकवत चालली होती. नंदाताई मात्र राखेतून, पाठीमागे हात बांधून, सगळ्यांच्या पुढे. आई अशी कधी चालत नसे.

शेवटी मंडळी एका हॉटेलात केळीच्या पानांवर बसली. लालभडक रश्श्यात माशाचं भलंमोठं डोकं आलं. इथली खासियत.

"तुझ्यासाठी डाळभात सांगतो," रत्नदीप म्हणाला. मासा आईला चालायचा, पण डोकं कधीच नाही. डोळा माझ्याकडे बघतो म्हणायची आणि ते गुरुजींच्या ताटात टाकायची.

नंदाताईंनी भांडं पुढे ओढलं.

आधी डोळा गेला. मग त्या बोटं चाटत, हाडं चोखत, भाताचे मोठमोठे घास घेत जेवू लागल्या. मधेच त्यांनी तिखट मागितलं. रत्नदीप बघतच राहिला. चार महिने तो याच एका गोष्टीची वाट बघत होता, आणि आता स्वतः जेवायचं विसरला होता.

अंगठ्याने गालाचं मऊ मांस सोडवून नंदाताईंनी ते त्याच्या पानात ठेवलं. मान वर न करता.

"घे. यात काटा नाही."

लहानपणापासून हे फक्त बाबा करत आले होते, याच शब्दांत.

त्याला भीती वाटली आणि भरूनही आलं. तो घास त्याने खाल्ला. बाबा असते तर खवळलेच असते, हे ठाऊक असूनही त्याने वेटरला हाक मारली आणि आईच्या शेजारी आणखी एक पान मांडायला सांगितलं.

जेवता जेवताच नंदाताईंनी खुर्ची जरा सरकवून जागा करून दिली.