किग्गुंडूसाहेबांची मदत

कंपालातल्या शिक्षिका नाब्वीरेबाई नोकरी सांभाळून दर शनिवारी अपंगत्व-अभ्यासाच्या पदव्युत्तर वर्गाला यायच्या. त्या दिवशी त्या आवारात घाईघाईने आपली व्हीलचेअर वळवत होत्या. तेवढ्यात वर्गातले समाजकल्याण अधिकारी किग्गुंडू मागून आले आणि त्यांनी खुर्ची धरलीच.

"अहो, थांबा! मला तिकडे..."

"संकोच कसला करता, मॅडम!" म्हणत त्यांनी खुर्ची दामटत थेट वर्गात आणली. फळ्यावर आजचा विषय होता, 'स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क'.

"मला बाथरूमला जायचं होतं," नाब्वीरेबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या.

वर्ग खो खो हसत सुटला. ओशाळलेले किग्गुंडू हात मागे घेऊन अदबीने म्हणाले, "मॅडम, आपली परवानगी असेल, तर मी..."

"आता परवानगी कसली विचारताय? पळवा लवकर!"