तीन हीटर आणि मीटरवाले आजोबा

मी एक जुना तेलाचा हीटर आहे. हात लावण्याआधी जरा थांबा, मित्रांनो. मी चालू आहे की बंद, हे तुम्हाला माहीत नाही. आणि तुम्ही कोण, हे मला माहीत नाही. थोडा संशय दोन्ही बाजूंनी असलेला बरा.

संशय तर जन्मापासून माझ्या मागे लागला आहे. कारखान्यात माझी नऊ पोकळ पाती एकमेकांना जोडली आणि लगेच मला पाण्याच्या टाकीत बुडवलं. कुठून बुडबुडा येतोय का, हे बघायला एक बाई डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. बुडबुडा आला नाही, तरी त्यांनी मला पुन्हा बुडवलं. मग माझ्या पोटात तेल भरून मला कायमचं बंद केलं. दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, "यात तेल कुठून ओतायचं? संपलं की काय?" दुकानदार सांगून सांगून थकायचा, की तेल जळत नाही, ते नुसतं तापतं आणि पात्यांना तापवतं. ऐकणारे मान डोलवायचे आणि दुसराच हीटर घेऊन जायचे.

मला घेतलं ते एका महासंशयी माणसाने. सगळे त्यांना मीटरवाले म्हणत. लोकांच्या जिन्याखालचे विजेचे मीटर वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मीटर थांबवायला कोण काय काय उद्योग करतं, ते सगळं त्यांनी पाहिलेलं. त्यांनी मला दुकानातच तासभर चालू ठेवायला लावलं आणि समोर स्टूल टाकून बसून राहिले. "मीटर खोटं बोलत नाही. बोलतात ती माणसं," असं त्यांनी दुकानदाराला तोंडावर सांगितलं.

त्यांच्या घरात माझी चांगली वर्षं गेली. त्यांच्या बायकोचे गुडघे थंडीत आखडत. त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत, पाय शेकत, आणि उठताना मला म्हणत, "शहाणं आहेस रे." माझं कौतुक करणारं ते एकच माणूस. त्या गेल्या, आणि आजोबांनी मला जिन्याखालच्या कोनाड्यात लोटलं. मी डोळ्यांसमोर नको होतो, एवढंच मला कळलं. दोन हिवाळे मी तिथे काढले. माझ्या पात्यांमध्ये धूळ साचली, कोळ्याने जाळं विणलं, आणि माझ्या डोक्यावर कुणीतरी जुन्या वहाणांचं खोकं ठेवलं.

तिसऱ्या हिवाळ्यात घरात नात आली. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, ओंजळीत मावेल एवढी. सगळे तिला चिमणी म्हणत. दवाखान्यातून घरी सोडताना नर्सने बजावलं होतं, "हिची खोली उबदार ठेवा, पण भट्टी करू नका. आणि ऊब एकसारखी राहू द्या. हिला अजून स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही."

त्याच संध्याकाळी आजोबांचा मुलगा, म्हणजे चिमणीचा बाप, नवा हीटर घेऊन आला. पांढराशुभ्र, सडपातळ. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अर्धी वीज, दुप्पट ऊब'.

आजोबांनी खोकं चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. "अर्धं जेवून दुप्पट काम करणारा माणूस मी अजून पाहिला नाही. हे यंत्र कुठलं करतंय!"

"बाबा, मी काहीही आणलं तरी तुम्हाला त्यात खोट दिसते," मुलगा म्हणाला.

"काहीही आणतोस म्हणून दिसते."

शेजारणीने आपला पंख्याचा हीटर तात्पुरता आणून दिला. आणि आजोबांनी, कुणाशी काही न बोलता, वहाणांचं खोकं उचलून मला बाहेर काढलं. मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. मला वाटलं, हा म्हातारा मुलाची जिरवायला मला वापरणार. पांढऱ्या हीटरकडे तर मी बघायलाही तयार नव्हतो. पंख्याच्या हीटरचाही मला भरवसा नव्हता. इतकी बडबड करणारा काहीतरी लपवत असतो.

भांडण सुनेने मोडलं. ती घरी शिवणकाम करायची आणि मापात पाप तिला खपायचं नाही. "वाद कशाला? तिघांनाही तपासू," ती म्हणाली. "खोली तीच, वेळ तीच, दार बंद. रोज एक हीटर, एक तास."

आजोबांकडे भिंतीतल्या सॉकेटला लावायचा एक छोटा मीटर होता. हीटरने किती वीज घेतली ते तो दाखवायचा. एक थर्मामीटर चिमणीच्या खाटेच्या उंचीवर ठेवला, एक कपाटाच्या वर. तेवढा वेळ चिमणी स्वयंपाकघरात बापाच्या छातीशी शालीत झोपायची. तीन दिवस, दुपारी चार वाजता, परीक्षा.

पहिला नंबर माझा. दहा मिनिटांतच सून आत डोकावली आणि हसली. "बाबा, थर्मामीटर खाटेवर ठेवायचा होता. तुम्ही तो हीटरच्या कुशीत झोपवलाय."

"घसरला असेल," आजोबा म्हणाले. पण तो घसरला नव्हता, मित्रांनो. मीच साक्षीदार होतो. इतरांच्या मीटरवर नजर ठेवणारा माणूस स्वतःच्या थर्मामीटरला हात लावत होता! सुनेने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली, तीही खोली गार झाल्यावर, दुसऱ्या दिवशी.

शेवटी आकडे आले. तासाभरात मी दीड युनिट वीज घेतली. पंख्याच्या हीटरनेही दीडच. पांढऱ्याने पाऊण.

"बघा!" मुलगा म्हणाला. "अर्धी!"

"आणि खोली किती तापली?" आजोबांनी विचारलं.

सुनेने वही पुढे केली. पांढऱ्याने खोली जेमतेम निम्मीच तापवली होती. "यात लबाड कुणीच नाही," ती म्हणाली. "जेवढी वीज पोटात जाते, तेवढीच ऊब बाहेर पडते. तिघांचंही तसंच. हा अर्धी खातो, अर्धी देतो. दुप्पट फक्त खोक्यावर आहे."

"मग फरक काय?" मुलाने विचारलं.

"ऊब कुठे जाते, हा फरक. पंख्याचा झटपट तापवतो, पण कपाटावर उन्हाळा आणि खाटेवर हिवाळा. बंद केला की पाच मिनिटांत सगळं गार. शिवाय त्याच्या आवाजाने चिमणी दचकेल. हा म्हातारा उशिरा तापतो, पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब धरून ठेवतो."

म्हातारा म्हणजे मी. मला शब्द लागला, पण निकाल आवडला.

मग तिने शिवणाचा एक दोरा खिडकीच्या फटीपाशी धरला. दोरा हलायला लागला. "आणि खरा चोर हा. आपण तापवायचं आणि याने बाहेर नेऊन टाकायचं." तिने चिंध्यांची लांब सुरळी शिवून फटीत बसवली. त्यानंतर माझं बटण निम्म्यावर ठेवलं तरी खोली उबदार राहू लागली. पांढऱ्याला सुनेने शिलाई मशीनखाली जागा दिली. एका माणसाचे पाय शेकायला तो पुरेसा होता.

आता सगळं सुरळीत झालं, असं मलाही वाटलं. मला चिमणीच्या खाटेजवळच्या भिंतीशी नेलं. तिथून सॉकेट लांब होतं, म्हणून आजोबांनी कपाटातून एक एक्स्टेंशन बोर्ड काढून त्यात माझा प्लग घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत जळका वास आला.

सुनेने चिमणीला उचलून बाहेर धाव घेतली. मुलगा आणि आजोबा आत आले आणि दोघांनीही आधी माझ्याकडेच पाहिलं. "जुनं ते जुनंच," आजोबा म्हणाले. "शेवटी दगा दिलाच." मुलाने प्लग उपटला, मला चाकांवरून फरफटत नेलं आणि दाराबाहेर जिन्याच्या कट्ट्याशी उभं केलं; तिथून उघड्या दारातून मला खोली दिसत होती.

मी ओरडू शकत नव्हतो, मित्रांनो. माझं तेल नेहमीसारखंच तापलं होतं, माझी पाती ठीक होती. आग माझ्या पोटात नव्हती, माझ्या शेपटीच्या टोकाशी होती. मुक्या वस्तूवर आळ घेणं फार सोपं असतं.

"अहो," सुनेचा आवाज आला, "हीटर बाहेर गेला, मग वास आत कसा?"

आणि लगेच म्हणाली, "मेन स्विच बंद करा."

मुलाने धावत जाऊन तो बंद केला. सुनेने चिमणीला त्याच्याकडे दिलं आणि बोर्डाजवळ हात नेला. प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलं होतं. वायरीवर मध्येच काळ्या टेपची गाठ होती आणि तीही वितळली होती. आत दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या.

"हे जोडलं कुणी?" मुलगा बायकोवर ओरडला. "तुझ्या भावाने? की घर रंगवायला आलेल्या त्या माणसाने?"

आजोबा भिंतीला टेकले.

"मी," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या आजारपणात टेबलफॅन लावायला वायर पुरत नव्हती. म्हटलं, आजच्यापुरतं. नंतर राहूनच गेलं." मग अगदी हळू म्हणाले, "असल्या जोडण्यांसाठी मी लोकांना नोटिसा दिल्यात. आणि माझ्याच हाताने पोरीच्या उशाशी..."

मुलाला सगळं सुनावायची आयती संधी होती. मीही वाट बघत होतो. माझा माणसांवर विश्वास कमीच. पण त्याने चिमणीला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने बापाला खुर्चीत बसवलं.

"बाबा, त्या बोर्डावर मी रोज फोन चार्ज करायचो," तो म्हणाला. "तेवढ्या विजेने त्याला काही झालं नाही, म्हणून मीही कधी गाठ उलगडून पाहिली नाही. चूक आपल्या दोघांची."

संध्याकाळी वायरमन आला. त्याने खाटेजवळच्या भिंतीत स्वतंत्र जाड वायर ओढून नवं सॉकेट बसवलं. माझीही तपासणी झाली. "हीटर ठणठणीत आहे," तो म्हणाला, "फक्त आंघोळ हवी." आजोबांनी मला स्वतः आत आणलं आणि मऊ ब्रशने एकेका पात्यातली धूळ काढली. त्यांनी माफी मागितली नाही. वस्तूंची माफी कोण मागतं? पण त्या दिवसापासून हीटर बंद केला की ते प्लगला हात लावून बघत, आणि तो गार लागला तरच खोलीबाहेर पडत.

चिमणीने तो हिवाळा काढला. गालांवर लाली आली, रडण्याला जोर आला. आता ती माझ्याकडे रांगत येते आणि घरातले सगळे एकदम ओरडतात. ओरडावंच. तिने माझ्यापासून लांबच राहावं.

मित्रांनो, मला फार काही नको. माझ्या अंगावर ओले कपडे वाळत घालू नका, माझ्या पात्यांत धूळ साचू देऊ नका, आणि मला थेट भिंतीतल्या सॉकेटलाच लावायला मोठ्यांना सांगा. जाहिरातीवर संशय घ्या, माझ्यावरही घ्या, मी रागावणार नाही. फक्त संशयाच्या यादीत पहिलं नाव आपलं स्वतःचं लिहा. ते लिहायला आजोबांना फार उशीर झाला होता. अगदी थोडक्यात निभावलं.